थांबा कुणाच्या हक्काचा?

उपनगरी स्थानकाचा विकास म्हटले की सरकते जिने, रुंद पादचारी पूल आणि चकचकीत तिकीटघर डोळ्यांपुढे येते. पण रोज लोकलने जाणारा माणूस स्थानकाची पत एकाच प्रश्नावर ठरवतो : तिथे फास्ट थांबते का? मध्य रेल्वेवरच्या दिव्याची गोष्ट ही अशा एका थांब्याची गोष्ट आहे.

१८५३च्या एप्रिलमध्ये बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला पोहोचली आणि पुढच्याच वर्षी रूळ खाडी ओलांडून कल्याणला गेले. पारसिकच्या डोंगराला वळसा घालून मुंब्र्यावरून जाणारी ती वाट लांबची होती. १९१६ साली डोंगर पोखरून सुमारे १.३ किलोमीटरचा बोगदा झाला. जलद गाड्या सरळ निघाल्या, मुंब्रा वळणावरच राहिले. कुणाची तरी मिनिटे वाचली की कुणीतरी वाटेवरून बाजूला पडतो, हा रेल्वेचा जुना नियम इथे डोंगराएवढा स्पष्ट दिसतो.

बोगद्याची आणि वळणाची वाट जिथे पुन्हा एकमेकींजवळ येतात, तिथे दिवा. पुढे इथूनच पनवेलकडे आणि वसईकडे फाटे फुटले. कोकणात जाणाऱ्याला दिवा ठाऊक असते ते सावंतवाडीच्या गाडीमुळे. नकाशावर असे महत्त्वाचे जंक्शन, पण मुंबईला जाणारी जलद लोकल मात्र कित्येक वर्षे इथून न थांबता धडधडत जायची. दरम्यान ठाणे, डोंबिवली परवडेनाशी झालेली कुटुंबे इथल्या चाळींत आणि घाईने उठलेल्या इमारतींत येत राहिली. यातल्या कितीतरी इमारती अनधिकृत. घर बांधताना परवानगी विचारली नाही, तिथे लोकलमध्ये जागा आहे का, हे कोण विचारणार?

२ जानेवारी २०१५ला सकाळी ठाकुर्लीजवळ लोकलचा पेंटोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारा सांगाडा) तुटल्याचे निमित्त झाले आणि दिव्यात लोक रुळांवर उतरले. दगडफेक, जाळपोळ झाली, गाड्या तासन्‌तास ठप्प. त्या हिंसेचे समर्थन होऊ शकत नाही. तिच्यामागचा हिशेब मात्र समजून घ्यायला हवा. कामावर उशिरा पोहोचलेल्याचा खाडा लागतो. वेळापत्रक चुकवणाऱ्याचा लागत नाही. प्लॅटफॉर्म आणि रुळांची फेररचना होऊन १८ डिसेंबर २०१६पासून दिव्याला जलद लोकल थांबू लागल्या.

आणि लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. फास्टचा थांबा अर्ध्या मिनिटाचा दिसतो, पण वेग उतरवणे आणि पुन्हा धरणे यांत खरी मिनिटे जातात. ती दिव्यापलीकडच्या बदलापूर, टिटवाळ्याच्या खात्यातून वजा होतात. सकाळच्या महिला डब्याच्या दारात हा हिशेब उघड्यावर येतो. आतल्या बाया पलीकडच्या स्थानकांतून आलेल्या, पर्स पोटाशी धरून, दाराला पाठ देऊन उभ्या. बाहेरची एक हात दांडीला, एक पाय फूटबोर्डवर ठेवून म्हणते, ‘ताई, जरा आत सरका ना.’ आतून उत्तर येते, ‘कुठे सरकू? मागची गाडी धरा.’ दोघी आपापल्या जागी खऱ्या असतात. पंगतीत आधी बसलेल्याने उशिरा आलेल्याला काय म्हणायचे, जेव्हा वाढायलाच अपुरे आहे?

दिव्याच्या रेल्वे फाटकावर तर हे भांडण यंत्रातच बसवलेले. फाटक बंद होऊन कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नल हिरवा होत नाही. पूर्व-पश्चिम जाणारी रिक्षा, टेम्पो, शाळेची व्हॅन एकदा आत शिरली की फाटक पडेना. फाटक पडेना म्हणून लोकल खोळंबते. एक खोळंबली की मागच्या चार खोळंबतात. इकडे दुचाकीवाला दांड्याखालून वाकून निघायला बघतो, तिकडे मोटरमन लाल दिव्याकडे बघत हॉर्न वाजवतो. रस्त्याचे मिनिट आणि रुळाचे मिनिट एकमेकांसमोर उभे ठाकतात, आणि हा न्याय करायला बसवलेला असतो एकटा गेटमन.

घड्याळ कुणाचे, हा वाद या शहराला नवा नाही. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईने तिला विरोध केला होता आणि सुमारे ३९ मिनिटे मागे असलेली स्वतःची वेळ पुढे कित्येक दशके जपली होती. मिनिटे वरून नेमून दिली जातात तेव्हा माणसे चिडतात, ती उगाच नव्हे. वेळ ही त्यांची स्वतःची मालमत्ता असते.

वाटून भांडण मिटत नसेल तर मिनिटे वाढवावी लागतात. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका हे त्याचे उदाहरण. २००८मध्ये मंजूर झालेले हे काम पूर्ण व्हायला २०२२ उजाडले. लांब पल्ल्याच्या गाड्यांना वेगळा रूळ मिळाला की लोकलला मोकळीक मिळते. पण चौदा वर्षांत दिव्यातली वस्ती मंजुरीची वाट बघत थांबली नव्हती. म्हणून स्थानकाचा विकास रेल्वेच्या हद्दीत संपत नाही. महापालिका घरे मोजते आणि रेल्वे डबे मोजते. दोन्ही आकडे एका कागदावर कधी येत नाहीत. ते येत नाहीत तोवर थांबा मागण्यासाठी लोक रुळांवरच येणार, आणि तो मिळाला की पलीकडच्या स्थानकांतले लोक दिव्याला दोष देणार. लोकलचे वेळापत्रक अर्थसंकल्पासारखे वाचायला हवे : कुणाला किती दिले, कुणाकडून किती घेतले आणि ते ठरवताना दोघांपैकी कुणाला विचारले.