बंदूक गेली, सुरुंग राहिला



बग्ज बनी या सशामागे बंदूक घेऊन धावणारा एल्मर फड आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. २०२० साली अमेरिकेत या कार्टूनची नवी मालिका निघाली, तेव्हा निर्मात्यांनी त्याची बंदूक काढून घेतली. एका भागात हाती लांब दांड्याचा विळा दिला. सुरुंग तर राहिलेच! स्फोटात काळाठिक्कर पडलेला एल्मर क्षणात धडधाकट उभा राहतो आणि मुले हसतात. बंदुकीपेक्षा मला याचीच काळजी वाटते.

गेथशेमाने बागेत पेत्राने तलवार चालवली. प्रभूने ती म्यानात घालायला लावली, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. तुटलेला कान त्याने बरा केला. शुभवर्तमानात त्या जखमी दासाचे नावही आहे: मल्ख.

आज मुलांबरोबर टीव्हीसमोर बसा आणि विचारा, "त्याला किती लागलं असेल रे?"