आतून लागलेला गंज

पावसाळा सरत आला असताना एका संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ आम्हांला भेटावयास आले. बोरिवलीच्या पश्चिमेस, खाडीच्या अंगाला असलेल्या एका गावठाणात त्यांचे जुने कौलारू घर आहे. वडिलांच्या पश्चात घराबरोबर त्यांच्याकडे आली ती वडिलांची प्रीमियर पद्मिनी. आता घर पाडून तेथे इमारत उभी राहणार, अंगण जाणार, म्हणून गाडी विकावयाचे ठरले. जुन्या गाड्यांचा एक शौकीन चांगली रक्कम देण्यास तयार झाला. देण्यापूर्वी एकदा तपासून घ्यावी म्हणून त्यांनी ती गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रीने दरवाज्याखालच्या पत्र्यावर स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवून जरासा दाब दिला, तोच ते आरपार गेले. वरून आरशासारखी चकाकणारी गाडी खालून चाळणी झाली होती.

‘‘चार दिवस द्या,’’ मिस्त्री म्हणाला, ‘‘लांबी भरून रंग मारून देतो. घेणाऱ्याला पत्ताही लागणार नाही.’’

त्या गृहस्थांनी आम्हांला दोन प्रश्न विचारले. ‘‘फादर, तीस वर्षे मी ही गाडी रोज सकाळी धुतली. डॅडींची सेवा समजून धुतली. मग माझे चुकले कुठे? आणि हा गंज मी घेणाऱ्याला सांगितलाच पाहिजे का?’’ त्यांच्या अनुमतीने हे दोन्ही प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या गाडीविषयी मुंबईकराला वेगळे सांगावे लागत नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने मोटारी तयार होत. आरंभीच्या गोलमटोल गाडीला लोकांनी प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हटले. १९६४ पासून चौकोनी बांध्याची गाडी निघू लागली आणि पुढे सत्तरच्या दशकात तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती या शहराची ओळख बनली. टॅक्सीला घालून दिलेली वीस वर्षांची मर्यादा संपून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. आता जी काही उरली आहेत, ती हौसेने जपलेली खाजगी वाहने.

आता पहिला प्रश्न. लोखंड, पाणी आणि प्राणवायू ही तिन्ही एकत्र आली की गंज धरतो. त्यात मीठ मिसळले की त्याचा वेग वाढतो. आमच्या या मित्राच्या घरी नळाचे पाणी बेताचे. म्हणून ते अंगणातील विहिरीच्या पाण्याने गाडी धूत, आणि खाडीच्या शेजारची ती विहीर मचूळ! म्हणजे रोज सकाळी ते वडिलांच्या गाडीला खाऱ्या पाण्याने न्हाऊ घालीत होते. वर कोरडे फडके फिरवून लगेच प्लॅस्टिकचे आच्छादन घालीत, म्हणजे आतला ओलावा आतच कोंडला जाई.

मोटारीचा पत्रा बहुधा वरून सडत नाही, आतून सडतो. खिडकीच्या काचेलगतच्या फटीतून दरवाज्याच्या पोकळीत पाणी उतरते. ते निघून जावे म्हणून दरवाज्याच्या तळाशी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. धूळ व सुकलेली पाने यांनी ती बुजली की पाणी तेथेच साचते. चाकांच्या कमानींत चिकटलेला चिखल, पायांखालच्या गालिच्याखालील ओल, डिकीत जादा चाकाखाली साठलेले पाणी, काचेच्या रबरामागची दमट धूळ, ही सगळी गंजाची घरटी. शिवाय या गाडीला ट्रकसारखी वेगळी चौकट नाही. जोडलेला पत्रा हाच तिचा सांगाडा. तळाचा पत्रा गेला, म्हणजे शोभा गेली एवढेच नव्हे, तर आत बसणाऱ्यांची सुरक्षितताही गेली.

मग धुवावी तरी कशी? जाणकारांकडून आम्ही जे समजून घेतले ते असे: गाडी सावलीत उभी करावी, गोडे पाणी घ्यावे. प्रथम नुसत्या पाण्याने धूळ उतरवावी, नाहीतर फडक्याखाली तीच धूळ रंगाला ओरखडे पाडते. कपड्यांच्या साबणाने वरचे मेण निघून जाते, म्हणून गाडीचाच शॅम्पू वापरावा. फेसासाठी एक बादली, फडके खळबळण्यासाठी दुसरी. आणि वरून खाली धुवीत यावे. पाण्याचा जोराचा फवारा रबरांवर व फटींवर मारू नये. चाकांच्या कमानी व पोट मात्र सावकाश, चिखल सुटेपर्यंत धुवावे. दरवाज्यांची छिद्रे काडीने मोकळी करावीत.

यानंतर खरे काम सुरू होते ते सुकविण्याचे. मऊ सुती फडक्याने टिपून घ्यावे. दरवाज्यांच्या कडा, बॉनेट व डिकीच्या किनारी, क्रोमच्या पट्ट्या यांवरील थेंबही सोडू नयेत. गालिचे उचलून उन्हात टाकावेत, दारे-डिकी उघडी ठेवून वारा खेळू द्यावा. मग चार-पाच किलोमीटर गाडी फिरवून आणावी, म्हणजे ब्रेकचे ड्रम सुकतात व सांदीकोपऱ्यांतले पाणी झटकले जाते. झाकावयाचीच तर पूर्ण सुकल्यावर, हवा खेळेल अशा सुती आच्छादनाने. पावसाळ्याच्या दमट दिवसांत गाडी सुकत नसेल, तर ती रोज धुण्यापेक्षा न धुणे बरे.

आमच्या मित्राचे प्रेम खरे होते. उणे होते ते ज्ञान. मग ते दोषी ठरतात काय? संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात अज्ञानाचा विचार करताना एक भेद केला आहे. जे जाणणे आपल्याला शक्यच नव्हते, त्याचा दोष आपल्याला लागत नाही. परंतु जे जाणणे शक्य होते व आपले कर्तव्यही होते, त्याबाबतचे अज्ञान निर्दोष नव्हे. तीस वर्षांत कोणा मिस्त्रीला विचारणे अवघड नव्हते. त्यांची चूक लहान, पण ती आम्हां सर्वांच्या घरी घडणारी. म्हाताऱ्या आईला आम्ही दर रविवारी मिठाई नेतो, तिला मधुमेह आहे का हे विचारीत नाही. मुलांना महागडी शिकवणी लावतो, त्यांच्या मनात कशाची ओल साचली आहे ते पाहत नाही. केवळ सातत्य म्हणजे काळजी नव्हे. ज्याची काळजी घ्यावयाची, त्याचा स्वभाव जाणून घेणे हा प्रेमाचाच भाग आहे.

दुसरा प्रश्न अधिक कठीण, कारण त्यात पैसा होता. नव्या घराच्या खर्चासाठी त्यांना त्या रकमेची गरज होती. विक्रीव्यवहाराविषयी लिहिताना याच संताने दोष उघड व लपलेला असा फरक केला. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, तर ते घेणाऱ्याला दिसतेच. विकणाऱ्याने ते ओरडून सांगण्याचे कारण नाही. परंतु दोष लपलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याला नुकसान वा धोका संभवत असेल, तर तो सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. डळमळीत घर भक्कम म्हणून विकणे, हे त्यांनी दिलेले उदाहरण. सडलेल्या पत्र्यावर लांबी भरणे म्हणजे दुसरे काय? जुना रंग उडाला आहे हे न सांगितले तरी चालेल. सांगाडा पोखरला आहे हे न सांगून चालणार नाही. शिवाय लांबीखाली गंज थांबत नाही, तो झाकलेल्या ओलीत अधिक निवांतपणे पसरतो. असत्याचेही तसेच आहे.

मत्तयलिखित शुभवर्तमानात पृथ्वीवरील संपत्तीला लागणाऱ्या ज्या गंजाचा उल्लेख आहे, त्यासाठीच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘खाणे’ असा आहे, हे आम्हांला गुरुविद्यालयात शिकविले होते. त्या संध्याकाळी तो शब्द आम्हांला नव्याने कळला. गंज गाडी खातो हे खरे. पण तो लपविण्याचा मोह माणसाला खातो.

ते गृहस्थ काही न बोलता घरी गेले. पंधरा दिवसांनी त्यांनी येऊन सांगितले, की त्यांनी घेणाऱ्याला बोलावून गाडी वर उचलून खालून दाखविली. ठरलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी पैसे मिळाले. नव्या मालकाने सडका पत्रा कापून नवा जोडण्याचे काम हाती घेतले आहे.

‘‘फादर, नुकसान झाले,’’ ते म्हणाले. आम्ही ते नाकारले नाही. सत्य स्वस्त पडते असे आम्ही कधी प्रवचनात सांगितले असेल, तर ते चुकीचे होते. मग थोडे थांबून ते पुढे म्हणाले, ‘‘किल्ली देताना मी त्यांना एवढेच सांगितले. गाडी धुवा, पण विहिरीच्या पाण्याने नको. आणि दारे उघडी ठेवून वाळवा.’’