होसान्ना, वल्हांडण आणि सेला

मराठी बायबलमध्ये काही शब्द भाषांतर न होता मूळ उच्चारासह उतरले आहेत, आणि त्यांत ‘होसान्ना’ हा सर्वांत उद्बोधक म्हणावा लागेल. ११८व्या स्तोत्रातील हिब्रू ‘होशिआ ना’ ही ‘कृपा करून तार’ अशी आर्त विनवणी आहे. पण येशू यरुशलेमेत प्रवेश करतो त्या प्रसंगी, मत्तयाच्या २१व्या अध्यायात, जमाव तेच शब्द जयघोषासारखे उच्चारतो, आणि ग्रीक शुभवर्तमानाने त्यांचा केवळ ध्वनी जपल्यामुळे मराठी वाचकापर्यंत घोष पोहोचला, याचना मात्र वाटेतच राहिली. ठाणे शहरात बेने इस्राएल, म्हणजे मराठी मातृभाषा असलेल्या ज्यूंचे, ‘शाआर हाशामाईम’ (स्वर्गाचे दार) हे १८७९चे प्रार्थनामंदिर आहे. ज्यू सणांच्या उपासनेत हे स्तोत्र हिब्रूतूनच म्हटले जाते, त्यामुळे मूळ विनवणी तेथे परकी ठरत नाही.

‘वल्हांडण’ या शब्दाची गोष्ट याच्या उलट आहे. मिसरातील संहारात परमेश्वराने इस्राएलांची घरे वगळली, त्या ‘पेसाह’ सणासाठी भाषांतरकारांनी ओलांडण्याचा अर्थ सांगणारा मराठी शब्दच योजला, आणि ही निवड निःसंशय सरस आहे.

‘सेला’ स्तोत्रसंहितेत ७१ वेळा येतो. तो बहुधा गायन-वादनाची खूण असावा, पण त्याचा नेमका अर्थ विद्वानांनाही निश्चित करता आलेला नाही. असे शब्द तसेच ठेवणे प्रामाणिकपणाचे आहे. मात्र प्रत्येक मराठी आवृत्तीने त्यांना तळटीप द्यायलाच हवी.