वर दोर कोणाच्या हातात?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये रोज मगरिबनंतर तालीम चालायची. कॉलेजात जाणारी नऊ मुलं-मुली आणि एकांकिका स्पर्धेसाठी बसवलेलं चाळीस मिनिटांचं नाटक. आम्ही चार-पाच जुने नाटकवेडे कोपऱ्यातल्या बाकावर बसून असायचो. सल्ला कोणी विचारत नव्हतं, पण चहा आमच्या खर्चाने येत असल्यामुळे कोणी उठवतही नव्हतं. खाडीकाठचं गाव, घरटी एक तरी खलाशी, तेव्हा मुलांनी पाण्याचा विषय घेतला यात नवल नव्हतं. नवल हे, की त्यांचं पाणी आपल्या समुद्राचं नव्हतं. ते होतं दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केप प्रांतातल्या, माळरानात उघडलेल्या एका अथांग विवराचं. त्याला ‘बुशमन्स होल’ म्हणतात.

ही गोष्ट खरी घडलेली आहे. 17 डिसेंबर 1994 रोजी डिऑन ड्रेयर नावाचा वीस वर्षांचा तरुण तिथे बुडी मारायला उतरला आणि वर आलाच नाही. मय्यतही सापडली नाही. पुढे दहा वर्षांनी, 28 ऑक्टोबर 2004 ला, डेव्ह शॉ हा ऑस्ट्रेलियन पाणबुडा 270 मीटरवर त्या विवराच्या तळाशी पोहोचला. व्यवसायाने तो विमानाचा पायलट. तळाच्या गाळात त्याला डिऑनचा देह दिसला. त्याने खुणेचा दोर तिथे बांधला आणि वर आला. मग त्याने डिऑनच्या आईवडिलांना सांगितलं, की तुमच्या मुलाला मी घेऊन येतो. 8 जानेवारी 2005 ला तो पुन्हा उतरला. त्या बुडीतून तो जिवंत परतला नाही.

मुलांनी हे सगळं दोन बाक, एक निळी ओढणी आणि एका मच्छीमार बोटीवरून उसना आणलेला जाड दोर एवढ्यावर उभं केलं होतं. खोल पाण्यात माणसाचं काय होतं, हे आम्हांला त्या तालमीत प्रथम नीट कळलं. दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढत जातो. अडीचशे मीटरच्या खाली श्वासातली हवाच इतकी दाट होते की ती आत-बाहेर करणं हेच कष्टाचं काम होऊन बसतं. त्यात हातपाय जोरात चालवले की शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो, माणसाची शुद्ध हरपते. शॉने देह पिशवीत कसा घालायचा याचा सराव केला होता. पण देह गाळातून सुटून तरंगू लागला, दोर गुंतले, तो धडपडत राहिला. डोक्यावरच्या कॅमेऱ्याने त्याचा शेवटचा श्वासही टिपून ठेवला. चार दिवसांनी, 12 जानेवारीला, पोलिसांचे पाणबुडे दोर वर ओढत होते. तेव्हा शॉचा देह वर आला, आणि त्याच्याच दोरात अडकून खाली लोंबणारा डिऑनचाही.

दिग्दर्शन करणाऱ्या मुलाला नाटक इथेच संपवायचं होतं. दोन देह वर येतात, काम पुरं होतं, अंधार. आईचं काम करणारी मुलगी मात्र अडून बसली. ती म्हणाली, “माझ्या मुलाची माती मला मिळाली, पण ती दुसऱ्या बाईच्या नवऱ्याच्या जिवावर. मी त्याच्यासाठी रडू की तिच्याकडे माफी मागू? मला हे करताच येत नाही.”

वाद पेटला आणि मग मात्र आमचा सल्ला विचारला गेला. आम्हीही तो उत्साहाने दिला. मय्यतीला गुस्ल, कफन, नमाज आणि दफन हे फर्ज-ए-किफाया, म्हणजे साऱ्या जमातीवरचं देणं आहे. काही जणांनी फेडलं की सगळे सुटतात, कोणीच फेडलं नाही तर सगळे गुन्हेगार. पण हे देणं जिवंत माणसाचा जीव घालून फेडायचं नाही. जहाजावर मौत झाली आणि किनारा दूर असला तर गुस्ल-कफन देऊन, नमाज पढून मय्यत पाण्यात सोडायची मुभा आहे. बुडून मेलेल्याला हदीसने शहिदाचा दर्जा दिला आहे. देह नसेल तर गायबाना नमाज आहे. हबशाचा बादशहा नजाशी वारला तेव्हा हुजूरांनी मदिन्यात त्याच्या जनाज्याची नमाज पढली होती. हनफी ती मानत नाहीत, पण आपण कोकणी शाफई, आपल्यात ती चालते. तेव्हा शॉचं धाडस मोठं, पण हिशेब चुकला. पाच मिनिटांत आम्ही निकाल देऊन टाकला आणि चहा सांगितला.

दारात खाला उभी होती. शाळेची खिचडी तीच शिजवते आणि रात्री हॉलची किल्ली तिच्याकडे जाते. 2009 च्या नोव्हेंबरात ‘फयान’ वादळाने कोकण किनारा झोडपला, त्यात तिच्या नवऱ्याची बोट गेली. तांडेलाचा देह दोन दिवसांनी लागला, तिच्या नवऱ्याचा लागलाच नाही. जमातीने गायबाना नमाजची तयारी केली तेव्हा ती म्हणाली होती, “तो गायब आहे. मय्यत आहे असं मला अजून कोणी दाखवलेलं नाही.” नमाज राहून गेली. सात वर्षं ठावठिकाणा लागला नाही तर कायदा माणसाला मेलेला धरू शकतो. 2016 मध्ये मदतीच्या कागदावर तिची सही हवी होती, तेव्हा तिला समजवायला कोण गेलं? आम्हीच गेलो. हेच चार-पाच जण. सब्र कर, आता मान्य कर, पैसे पोरांच्या कामी येतील, असं आळीपाळीने बोललो. तिने सही केली. नवऱ्याच्या नावापुढे ‘मयत’ हा शब्द तिला वाचता येत नव्हता, तो आम्ही वाचून दाखवला. एक नेक काम झालं, अशा समाधानात घरी आलो.

त्या संध्याकाळी खालाने विचारलं ते एवढंच. “बाबा, तो खाली गेला तेव्हा वर दोर कोणाच्या हातात होता?”

मुलाने तिला समजावलं, की असा कोणी एक जण दोर धरून नसतो. वेगवेगळ्या खोलीवर साथीदार ठरलेल्या वेळी खाली येऊन भेटतात. शॉचा साथीदार डॉन शर्ली त्याच्या मदतीला खूप खोल उतरला होता. दाबाने त्याच्या यंत्राचा भाग निकामी झाला आणि त्याला मागे फिरावं लागलं. वर येताना त्याच्या कानाच्या आतल्या भागात हेलियमचा बुडबुडा धरला, पाण्यात सगळं गरगर फिरू लागलं. तरीही त्याला एकदम वर येता येत नव्हतं. खोल पाण्यात वायू रक्तात विरघळलेले असतात. माणूस झटकन वर आला तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे ते रक्तात फसफसतात आणि जीव घेतात. म्हणून थोडं वर यायचं, दोर धरून थांबायचं, पुन्हा थोडं वर यायचं. हे टप्पे पहिल्यांदा हाल्डेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून 1908 मध्ये मांडले. शर्ली असा दहा तासांहून जास्त वेळ पाण्यात थांबला. साथीदार आळीपाळीने खाली जाऊन त्याच्यापाशी राहत होते. तो वाचला, पण तोल कायमचा बिघडला.

“मग त्याला दाखवा ना,” खाला म्हणाली. किल्ली ठेवून ती निघून गेली.

आम्हांला त्या रात्री झोप आली नाही असं म्हणणं नाटकी होईल. झोप आली. पण फजरला उठल्यावर आठवत राहिले ते हजरत याकूब. युसूफचा देह त्यांनाही कोणी दाखवला नव्हता, दाखवला होता फक्त खोटं रक्त लावलेला सदरा. सब्रचा सुंदर दाखला म्हणून आपण त्यांचंच नाव घेतो, आणि तेच याकूब रडून रडून डोळे गमावून बसले. त्यांच्या मुलांना त्या रडण्याचा कंटाळा आला होता. असं आठवत राहून जीव द्याल, असं ती मुलं म्हणाली. 2016 मध्ये खालाच्या ओसरीवर आम्ही बोललो ते याकूबच्या बाजूने नव्हतं, त्या मुलांच्या बाजूने होतं.

इद्दतीबद्दलही असंच. चार महिने दहा दिवस. इतर नातलगांसाठी तीन दिवसांचा शोक आणि बायकोसाठी ही मोठी मुदत. लहानपणापासून ही आम्हांला बाईवरची बंदी वाटत आली, आणि आपल्या मोहल्ल्यांनी ती तशीच राबवली हे खरं आहे. इद्दतीत बसलेली बाई दारात दिसली की बोलणारे दहा, तिची चूल कशी पेटते हे विचारणारा एकही नाही. पण तालमीत दोराला धरून थांबलेला तो मुलगा पाहताना वाटलं, की थांबण्याची सक्ती तिथेही आहेच. फरक इतकाच, की तिथे थांबलेल्याकडे कोणीतरी सारखं जात असतं. आणि ज्यांची मय्यतच सापडत नाही त्यांच्या बायकांना आपण ही मुदतसुद्धा दिली नाही. कुठून मोजायची, हेच ठरलं नाही म्हणून.

नाटकाचा शेवट बदलला. शेवटची अकरा मिनिटं एक मुलगा दोराला लटकून उभा आणि बाकीचे एकेक करून त्याच्याजवळ येतात. कोणी पाणी पाजतं, कोणी त्याच्या डोळ्यांपुढे बोटं धरून दिसतंय का बघतं, कोणी नुसता हात धरतं आणि जातं. एक वाक्य नाही. परीक्षकांपैकी एकाने शेवट रेंगाळतो असा शेरा मारला. बक्षीस मिळालं नाही. आमच्या मते आईचं काम करणाऱ्या मुलीला तरी मिळायला हवं होतं, पण ते असो. दोर ज्याचा त्याला परत केला.

खाला प्रयोगाला आली नाही, तिला रात्रीच्या एस.टी.चा भरवसा नव्हता. पण पुढच्या महिन्यात तिने स्वतःहून निरोप धाडला आणि एका जुम्म्याला गायबाना नमाज झाली. सफा नेहमीपेक्षा दोन जास्त होत्या, ती नऊ मुलांमधली पाच मुलंही उभी होती. नमाजनंतर आम्ही मौलानांबरोबर तिच्या घरी गेलो. तिने पडद्याआडून विचारलं, इद्दत आजपासून धरायची का? तसं असेल तर शाळेत खिचडीला दुसरी बाई बघावी लागेल.

मौलानांनी थोडा विचार केला. किताब बघून सांगतो म्हणाले.

“बघा सावकाश,” ती म्हणाली, “घाई नाही.”