खान्देशातले नव्वद मीटर

जळगाव,
रामनवमी

चि. दादूस,


साक्री रोडवरच्या नव्या दवाखान्याच्या नेटवर्कचं काम तुला मिळालं, हे ताईने कालच फोनवर सांगितलं. फार बरं वाटलं. आजवर तू दुकानं केलीस, सीएची ऑफिसं केलीस. तिथे तार चुकली तर दुसऱ्या दिवशी पट्टी उघडून बदलता येते. इथे ती स्लॅबमध्ये, भिंतीत आणि फॉल्स सीलिंगच्या वर जाणार. डॉक्टर स्विच पाच-सात वर्षांनी बदलतील, कॉम्प्युटर बदलतील, सॉफ्टवेअर तर त्याहून लवकर बदलेल. तार मात्र वीस-पंचवीस वर्षं आहे तिथेच राहील, आणि ती उघडून बघायची वेळ येईल तेव्हा तू तिथे नसशील. माझी सगळी नोकरी कॉलेजचं नेटवर्क सांभाळण्यात गेली. म्हणजे तार टाकण्यापेक्षा दुसऱ्याने टाकलेली तार शोधण्यातच जास्त गेली. म्हणून या पत्रात मी उघडणाऱ्याच्या बाजूने लिहिते आहे.

आधी उन्हाचं लिहिते. पुस्तकात ते शेवटी परिशिष्टात असतं. आपल्याकडे ते पहिल्या पानावर हवं. रॅकमधल्या पॅच पॅनलपासून खोलीतल्या आयओ बॉक्सपर्यंत पक्की तार ९० मीटर, आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड धरून १०० मीटर, हे तुला पाठ आहे. पण ते ९० मीटर २० अंश तापमानाला धरलेले आहेत. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो आणि सिग्नल वाटेत जास्त क्षीण होतो. शिल्ड नसलेल्या केबलसाठी अमेरिकन मानकात तक्ताच दिला आहे: ३० अंशांना ८७ मीटर, ४० ला ८४, ५० ला साडेएकोणऐंशी, ६० ला ७५.

आता आपला मे महिना आठव. सावलीत पारा ४५ च्या आसपास. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो, आणि फॉल्स सीलिंगच्या वर कोंडलेली हवा रात्री उशिरापर्यंत निवत नाही. एसीचा गारवा सीलिंगच्या खाली, तार सीलिंगच्या वर. शिवाय कॅमेरे आणि वायफायचे डबे तू त्याच तारेतून वीज देऊन चालवणार. नव्या प्रकारात एका तारेतून ९० वॅटपर्यंत वीज जाते आणि तारा गठ्ठ्यात असल्या की एकमेकींना तापवतात. म्हणून सगळ्यात वरच्या मजल्यावर ७५ मीटरच्या पुढे जाऊच नकोस, खाली ८० ला थांब, आणि एका गठ्ठ्यात चोवीसपेक्षा जास्त तारा बांधू नकोस. गठ्ठा वेल्क्रोने बांध. प्लास्टिकचा टाय करकचून आवळला की आतल्या जोड्यांचा आकार बिघडतो आणि तो पुन्हा सरळ होत नाही.

आमच्याकडे एका इमारतीत टोकाच्या लॅबचं नेट उन्हाळ्यात दुपारी अडखळायचं आणि संध्याकाळी आपोआप सुरळीत व्हायचं. स्विच बदलला, कॉम्प्युटर बदलले, व्हायरसवर खापर फोडलं. शेवटी तारेच्या आवरणावर छापलेले मीटरचे आकडे दोन्ही टोकांना वाचले आणि वजाबाकी केली, तर लांबी नव्वदच्या पुढे. थंडीत ती कशीबशी चालत होती. तू हे आकडे तार ओढतानाच दोन्ही टोकांना टिपून ठेव, प्रत्येक तारेचे. त्याला खर्च काहीच नाही.

लांबी कमी ठेवायची तर रॅक कुठे बसतो त्यावर सगळं आलं. इथे तुला पांझरेकाठचे फड आठवायला हरकत नाही. साक्रीकडे काही शतकं चालत आलेली ती पद्धत: नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, चारीतून शेताला पाणी. आपल्या शेतासाठी थेट बंधाऱ्यापासून स्वतःची चारी कोणी खणत नाही. पाणी वाटणारा पाटकरी ठरलेला, पाट साफ करायची वेळ ठरलेली, आणि कोणत्या चारीवर कोणती जमीन हे गावाला ठाऊक. इमारतीचंही तसंच ठेव. तळमजल्यावर मुख्य खोली, तिथून उभ्या शाफ्टमधून प्रत्येक मजल्याच्या रॅकपर्यंत फायबर, आणि त्या रॅकपासून प्रत्येक पॉइंटला सलग, मध्ये कुठेही जोड नसलेली तार. पॉइंट कमी पडला म्हणून खोलीतल्या खोलीत छोटा स्विच लावून पुढे दुसरा, त्यापुढे तिसरा, अशी साखळी करू नकोस. ती कुठे तुटली ते शोधण्यात अख्खा दिवस जातो. त्यापेक्षा प्रत्येक जागी दोन तारा टाक, आज एकच लागत असली तरी.

उभ्या अंतराचा हिशेब करायचा असेल तर जळगावात आल्यावर महापालिकेच्या सतरा मजली इमारतीखाली उभा राहा आणि वर बघ. तळापासून शेवटच्या मजल्यापर्यंत एकेक तांब्याची तार न्यायची म्हटलं, तर नव्वदातले पन्नासेक मीटर नुसते चढण्यातच जातील. तुझे मजले चारच आहेत, पण दवाखान्याची इमारत आडवी लांब असते. तेव्हा मजल्याचा रॅक मजल्याच्या मध्यावर माग. जिन्याखाली दिला तर घेऊ नकोस, संडास-बाथरूमच्या भिंतीला लागून नको, गच्चीवरच्या टाकीच्या बरोबर खाली तर मुळीच नको.

आर्किटेक्ट म्हणतील, एवढी जागा कुठून आणू? त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांच्याच पुस्तकातलं दाखव. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत आठव्या भागात माहिती आणि दळणवळणाच्या जोडणीसाठी स्वतंत्र विभाग आहे. त्यामागचं कारणही सांग: १९९१ च्या आधी प्रत्येक कॉम्प्युटर कंपनीची तार वेगळी आणि जोड वेगळा. कंपनी बदलली की भिंती पुन्हा फोडाव्या लागत. त्या वर्षी अमेरिकेत ५६८ क्रमांकाचं मानक आलं आणि १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ११८०१. तेव्हापासून इमारतीची तार ही पाणी आणि विजेसारखी इमारतीचीच झाली, कोणा कंपनीची राहिली नाही. आर्किटेक्टला हे पटलं की जागा मिळते, असा माझा अनुभव आहे.

स्लॅब पडण्याच्या आदल्या दिवशी तू स्वतः तिथे हजर राहा. इलेक्ट्रिशियनवर सोपवू नकोस. त्याचे पाइप वेगळे, तुझे वेगळे. विजेच्या तारेला समांतर जायचंच असेल तर फूटभर अंतर सोड, आणि जिथे ओलांडायचं तिथे काटकोनात ओलांड. पाइप निम्म्याहून कमी भरायचा, चाळीस टक्के. प्रत्येक पाइपात ओढायला एक जास्तीची दोरी सोडून ठेव. वळण मोठं घे, तारेच्या जाडीच्या चौपटीपेक्षा लहान वळण नको. ओढताना दोन माणसं लावून हिसडे देऊ नका. अकरा-बारा किलोच्या पुढे ताण गेला की तार आतून लांबते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. काँक्रीट ओतण्याआधी सगळ्या पाइपांचे फोटो काढ, चौकटीत मोजपट्टी दिसेल असे. एक्स-रेच्या खोलीच्या भिंतीला विचारल्याशिवाय भोक पाडायचं नाही. त्या भिंतीची जाडी किरणं अडवण्यासाठी ठरवलेली असते.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जानेवारी २०२१ मध्ये नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. दवाखान्यात काम करताना मला ते विसरता येत नाही. आग तुझ्या तारेने लागणार नाही, पण लागलीच तर तुझ्या तारेचं आवरण जळेल. साध्या पीव्हीसीच्या काळ्या धुरात हायड्रोजन क्लोराइड वायू असतो, आणि सलाइन लावलेला माणूस पळू शकत नाही. म्हणून दवाखान्यात कमी धूर सोडणारं, हॅलोजन नसलेलं आवरणच वापर. आणि मजल्यामजल्यातून शाफ्टची जी भोकं तू पाडशील ती आग रोखणाऱ्या मसाल्याने बुजवल्याशिवाय बिल लावू नकोस. तसंच सोडलेलं भोक म्हणजे धुराला वर जायला धुराडं. या दोन गोष्टींवर कोणी पैसे कमी करायला सांगितलं तर काम सोडून दे. ताईला मी समजावीन.

तांब्याबद्दल. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची तार कॅट-६ म्हणून मिळते, आणि भाव ऐकून मोह होतो. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. कॅमेऱ्याला वीज नेताना ती तापते, आणि पंच करताना ठिसूळपणे तुटते. ३०५ मीटरचा खोका उचललास की हलकेपणावरूनच शंका येईल. ब्लेडने तार खरवड, आत पांढरं दिसलं तर खोका परत कर. मानकात अशा तारेला जागाच नाही. वॉर्डांना कॅट-६ पुरे, पण एक्स-रे, सीटी आणि सोनोग्राफीच्या खोल्यांना कॅट-६ए टाक. तिथून मोठी चित्रं डॉक्टरांच्या पडद्यावर जायची असतात, आणि १० गिगाबिट ती पूर्ण शंभर मीटर नेते. कॅट-६ तेवढा वेग फार तर पंचावन्न मीटर नेते.

औषधाचं दुकान किंवा नर्सेस हॉस्टेल शेजारच्या वेगळ्या इमारतीत असेल तर मधे तांबं अजिबात नको, फायबरच. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असतो. वैशाखातल्या वादळात जवळ वीज पडली तर तो सगळा धक्का तांब्यावरून तुझ्या स्विचमध्ये येतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, तेव्हा जमिनीखालचा पाइप एचडीपीईचा घे आणि आत फायबरची थोडी ढील ठेव. हीच माती वाळली की अर्थिंगचा रोधही वाढतो. मार्च ते जून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायचं हे तिथल्या देखभालीच्या माणसाला लेखी दे. उंदरांसाठी रॅकमध्ये शिरणारं प्रत्येक तोंड ग्लँडने बंद कर. कँटीनच्या मागची बाजू आधी बघ.

जोडणीत घाई करू नकोस. प्रत्येक जोडीला पीळ असतो, कारण बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखा पडून एकमेकांत विरतो. ग्रॅहम बेलने १८८१ मध्ये याचं पेटंट घेतलं होतं आणि आजही सगळं त्याच पिळावर चालतं. जोडताना तो पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नकोस. रंग पूर्ण इमारतीत एकाच क्रमाने, तुझ्या सवयीचा ‘बी’ असेल तर सगळीकडे ‘बी’.

तुमच्याकडची मुलं आठ दिव्यांचा टेस्टर लावतात, आठही लागले की पुढच्या पॉइंटला जातात. तो टेस्टर फक्त तार तुटलेली नाही एवढंच सांगतो. जोड्या आपसात अदलाबदल झाल्या, म्हणजे एका जोडीची एक तार दुसरीत गेली आणि दोन्ही टोकांना सारखीच गेली, तर आठही दिवे लागतात आणि नेट मात्र रडतं. खरी तपासणी सर्टिफायर यंत्राने. विकत घेऊ नकोस, नाशिक किंवा पुण्याहून भाड्याने आण, सगळे पॉइंट एका दमात तपास, प्रत्येकाचा निकाल पीडीएफमध्ये ठेव. कोटेशनमध्ये याची वेगळी ओळ घाल. तारेच्या भावात ती लपवलीस तर घासाघीस झाली की पहिली तीच जाईल. उत्पादक वीस-पंचवीस वर्षांची हमी देतात तीही याच निकालांवर.

आणि नावं. मजला, रॅक, पॅनल, पोर्ट, या क्रमाने प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना छापील लेबल. मार्करची शाई आपल्या उन्हात टिकत नाही, मी स्वतः पुसलेली लेबलं वाचायचा प्रयत्न करत बसलेली आहे. नकाशाची एक प्रत रॅकच्या दारात आतून चिकटव, एक डॉक्टरांकडे, एक तुझ्याकडे. काम चालू असताना जो बदल झाला तो त्याच संध्याकाळी नकाशावर उतरव. शेवटी एकदम करू म्हटलं की ते होत नाही. रात्री दोन वाजता आयसीयूचा मॉनिटर नर्सच्या टेबलवर दिसेनासा झाला, तर कोणीतरी त्या दारातल्या कागदावर बोट ठेवून पोर्ट शोधणार आहे. त्याला तुझं नाव माहीत नसेल.

तळमजल्याचा आणि गच्चीचा नकाशा मला गुरुवारपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. पाण्याची टाकी कुठे आहे आणि रॅकची खोली कुठे दाखवली आहे, एवढं आधी बघायचं आहे. स्लॅबची तारीख पक्की झाली की कळव, जमलं तर सकाळच्या गाडीने येईन. ताईला नमस्कार.

तुझी,
मावशी