झोपेतला हात कोणाचा?

नीतिशास्त्राच्या अभ्यासक्रमात झोपेला फारशी जागा नसते. आम्ही सेमिनरीत शिकत असताना मानवी कृतीची व्याख्या आमच्याकडून पाठ करून घेतली जाई : जाणीव आणि संमती या दोहोंनी जी घडते तीच खरी मानवी कृती, बाकीचे सारे नुसते घडणे. शिंक, जांभई, झोपेतले बरळणे ही त्या दुसऱ्या रकान्यात टाकली की विषय संपत असे. पुढे दर्यापूरच्या मुक्कामात, रात्री नाकावर मुखवटा चढवून झोपण्याची पाळी आमच्यावर आल्यावर, तो रकाना वाटला होता तितका सोपा नाही हे ध्यानात येऊ लागले.

ज्या विकाराला डॉक्टर स्लीप ॲप्निया म्हणतात त्याचे स्वरूप थोडक्यात असे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरते आणि श्वासाची वाट बुजते. छाती वरखाली होत राहते, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही अधिक. मग मेंदू माणसाला अर्धवट जागे करतो, मोठा घुरघुराट होतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. तासाला असे प्रसंग पाचाहून कमी असतील तर डॉक्टर काळजी करीत नाहीत. तीस किंवा अधिक झाले तर विकार गंभीर मानतात. म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा गुदमरणे! आणि सकाळी त्यातले काहीही आठवत नाही. डोके जड, रक्तदाब चढलेला, दुपारी प्रवचन ऐकताना (क्वचित देतानाही) पेंग. आपल्याकडे घोरणे हा थट्टेचा विषय. कुंभकर्णाचे नाव घ्यायचे आणि हसायचे. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत निवर्तले, तेव्हा डॉक्टरांनी मृत्यूचे कारण म्हणून याच विकाराचे नाव घेतले. त्यानंतर काही घरांत तरी ते हसणे थोडे थांबले असावे.

या विकाराची पहिली नैतिक अडचण अशी, की ज्याला तो जडला आहे तोच त्याविषयी सर्वांत कमी जाणतो. उन्हाळ्यात आमच्या वऱ्हाडात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, माणसे अंगणात, गच्चीवर बाजा टाकून झोपतात. कोणाचा श्वास अडकतो हे साऱ्या आळीला ठाऊक असते, फक्त त्या गृहस्थाला नसते. "मी तर मस्त झोपतो," असे तो प्रामाणिकपणे सांगतो. त्याची पत्नी मात्र रात्री दोन वाजता उठून, श्वास पुन्हा येतो की नाही हे पाहत बसलेली असते. स्वतःविषयी दुसऱ्याची साक्ष आपल्या अनुभवापेक्षा खरी मानायची, ही गोष्ट जागेपणी स्वाभिमानी असलेल्या माणसाला फार जड जाते. आम्ही धर्मगुरू तर एकटे झोपणारे; आमचा साक्षीदार म्हणजे प्रवासात एका खोलीत उतरलेले एखादे सहधर्मगुरू. त्यांनी सकाळी संकोचाने सांगितले नसते तर आम्हीही मस्त झोपत राहिलो असतो.

या विकारावरच्या यंत्राची गोष्ट वाचकांना ठाऊक असावी म्हणून सांगतो. पूर्वी गंभीर रुग्णाच्या गळ्याला भोक पाडून श्वासाची दुसरी वाट करून देत. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० मध्ये अशा एका रुग्णाच्या नाकावाटे हलक्या दाबाने हवा सोडून पाहिली आणि त्याचा घसा रात्रभर उघडा राहिला. १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांवरील तो प्रयोग प्रसिद्ध झाला. हे यंत्र प्राणवायू पुरवत नाही, आपल्यासाठी श्वासही घेत नाही. खोलीतलीच हवा थोड्या दाबाने आत सोडून ते वाट उघडी ठेवते. श्वास ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो. "फादर, यंत्रावर जगणे देवाला आवडेल का?" असे विचारणाऱ्या भाविकांना आम्ही एवढेच सांगतो, की चष्मा लावून बायबल वाचणे त्याला आवडते ना!

परंतु सवय होणे ही गोष्ट निराळी. पहिल्या रात्री बंद पेटीत कोंडल्यासारखे वाटते. मुखवट्याच्या कडेतून हवा निसटून डोळ्यांत जाते, घसा कोरडा पडतो, पोट फुगते, सकाळी मिस्सेला उभे राहावे तर गालांवर पट्ट्यांचे वळ. आणि नेमक्या याच सुमारास तो प्रसंग घडतो, ज्याने आमच्या धर्मग्रामातील एका बाईंना आमच्याकडे आणले. त्या म्हणाल्या, "फादर, हे रात्री ते नळकांडं काढून फेकतात अन् सकाळी मले म्हणतात, म्या नाही काढलं. तुमीच सांगा, मंग कोनं काढलं?"

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. यंत्रातील नोंद सांगते, की मुखवटा अमुक वाजता उतरला. हात त्यांचाच होता. ते खोटे बोलत नव्हते, हेही तितकेच खरे. मग जबाबदार कोण?

संत अगस्तीन यांनी आपल्या 'कबुलीजबाबा'च्या दहाव्या भागात हाच प्रश्न स्वप्नांच्या संदर्भात परमेश्वरापुढे ठेवला आहे : झोपेत असताना मी मी नसतो काय? जागेपणी ज्याला आपण नकार देतो त्याला स्वप्नात होकार देतो, याने ते अस्वस्थ झाले होते. आठशे वर्षांनी संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाला जे उत्तर दिले ते आम्हाला आजही फार उपयोगी वाटते. झोपेत बुद्धी मोकळी नसते, म्हणून झोपेतली कृती स्वतः पाप होत नाही. मात्र तिचे मूळ जागेपणी केलेल्या एखाद्या गोष्टीत असू शकते, जसे की अति खाणे-पिणे. तेराव्या शतकातील त्या महापंडितांना घशाचे स्नायू ठाऊक नव्हते. पण संध्याकाळचा दारूचा पेला ते स्नायू आणखी सैल करतो आणि हा विकार वाढवतो, हे आजचा डॉक्टरही सांगतो.

म्हणून त्या बाईंना आम्ही म्हणालो, की रात्रीच्या हाताशी भांडू नका. दिवसाच्या माणसाशी बोला. त्याने दुपारी वर्तमानपत्र वाचताना अर्धा तास मुखवटा लावून बसावे, म्हणजे शरीराला त्याची ओळख होते. पट्टे फार आवळू नयेत. हवेचा दाब हळूहळू वाढण्याची सोय यंत्रात असते, ती डॉक्टरांकडून लावून घ्यावी. मुखवटा मापाचा नसेल तर निमूट सोसण्यापेक्षा बदलून मागावा. हवा ओलसर करणाऱ्या भांड्यात आमच्या खारपाणपट्ट्यातील विहिरीचे पाणी मुळीच घालू नये, क्षारांचा थर बसतो. डिस्टिल्ड पाणीच आणून ठेवावे. भारनियमन पूर्वीइतके राहिले नसले तरी मे-जूनच्या वावटळीत वीज जातेच, तेव्हा जमल्यास बॅटरीचीही व्यवस्था पाहावी. ही कामे क्षुल्लक दिसतात. पण संमती जर कुठे देता येत असेल तर ती येथे, दिवसाउजेडी. रात्री दोन वाजता ती मागण्यात अर्थ नाही.

येथे एक सावधगिरी. यंत्र रोजचे तास मोजते, आणि काही माणसे सकाळी उठून तो आकडा असा पाहतात, जणू पापनिवेदनाला निघाली आहेत. अमेरिकेत सत्तर टक्के रात्री किमान चार तास असा दंडक आहे. तो विम्याचे पैसे देणाऱ्यांनी ठरविलेला, सद्सद्विवेकबुद्धीने नव्हे. तीन तास झाले तर तीन. पत्नीनेही पोलीस होऊ नये. जिने इतकी वर्षे श्वास मोजले तिचीही झोप परत येणे हा या उपचाराचाच भाग आहे.

मात्र जो गाडी चालवतो त्याच्या बाबतीत आम्ही इतके मवाळ नाही. कापसाच्या हंगामात अकोला-अमरावतीच्या रस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात. आपल्याला पेंग येते हे ठाऊक असून, उपचार हाताशी असून, केवळ लाजेपोटी तो टाळणारा माणूस चाकाशी बसला तर त्या डुलकीला 'नुसते घडणे' म्हणता येणार नाही. डुलकी झोपेची असते. चावी फिरवली ती जागेपणी.

'उपचार हाताशी असून' असे आम्ही म्हटले खरे, पण तो सर्वांच्या हाताशी नाही. पोप पायस बारावे यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना स्पष्ट केले होते, की जीव राखण्यासाठी साधारण उपायांचे बंधन असते, आणि साधारण म्हणजे काय हे व्यक्ती, स्थळ, काळ पाहून ठरते; स्वतःवर वा इतरांवर असह्य भार घालणारे उपाय बंधनकारक नाहीत. पगारदार शिक्षकाला हजारो रुपयांचे यंत्र साधारण उपाय ठरेल. शेतमजुराला ते तसे नाही, आणि त्याने ते घेतले नाही म्हणून त्याला बोल लावणे अन्यायाचे होईल. त्याच्यासाठी उरतात ते कुशीवर झोपणे, वजन उतरवणे, दारू सोडणे हे उपाय. ते गंभीर विकारात पुरे पडत नाहीत. आमच्या धर्मग्रामात अशी दोन घरे आम्हाला माहीत आहेत. एका घरात मोठा मुलगा बापाच्या बाजेशेजारी झोपतो आणि श्वास अडकला की त्याला कुशीवर वळवतो. मुलगा यंदा दहावीला आहे.