चोर महापौर आणि प्रशासकाची ओढ

नगरसेवक नसले की शहर बरे चालते, हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी फार भल्या माणसांच्या तोंडून ऐकले. मार्च 2022 मध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली, निवडणुका लांबत गेल्या आणि आयुक्तच प्रशासक होऊन बसले. निवडणुका अखेर जानेवारी 2026 मध्ये झाल्या. मधल्या काळात महापौर नव्हता, स्थायी समिती नव्हती, आणि याचे दुःख झालेला सुशिक्षित माणूस मला क्वचितच भेटला. एका परिसंवादात तर प्रशासनाचा दीर्घ अनुभव असलेल्या वक्त्यांनी थेट अमेरिकेचा दाखला दिला. डेट्रॉइट शहर लोकांनी निवडलेल्या एका चोराने बुडवले आणि सरकारने नेमलेल्या एका माणसाने वर काढले, असे त्यांचे म्हणणे. सभागृहात टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांना उत्तर देणे मला गरजेचे वाटते, कारण डेट्रॉइटची गोष्ट त्यांनी अर्धी सांगितली आणि उरलेल्या अर्ध्या भागातच आपल्या शहरांशी संबंध असलेले सगळे काही आहे.

क्वामे किलपॅट्रिक 2001 च्या नोव्हेंबरमध्ये डेट्रॉइटचा महापौर म्हणून निवडून आला तेव्हा 31 वर्षांचा होता. त्या शहराला इतका तरुण महापौर आधी मिळाला नव्हता. आई अमेरिकी संसदेत, स्वतः मिशिगनच्या विधानसभेत विरोधी पक्षाचा नेता, उंचापुरा देह, कानात डूल, आणि भाषण असे की विरोधकांनीही ऐकत राहावे. लाखाने माणसे शहर सोडून गेली होती, आणि जे उरले त्यांना हा आपल्यातला, आपल्या भाषेत बोलणारा मुलगा वाटला. तो विश्वास खोटा नव्हता. म्हणूनच पुढे जे घडले त्याचा राग आजही येतो.

महापौराच्या अंगरक्षकांच्या गैरवर्तनाची चौकशी करू लागलेल्या पोलीस उपप्रमुखाला, गॅरी ब्राउन यांना, 2003 मध्ये पदावरून काढले गेले. त्यांनी दावा लावला. 2007 च्या उन्हाळ्यात महापौर आणि त्यांच्या कार्यालयाच्या प्रमुख असलेल्या बाईंनी शपथेवर सांगितले की आमच्यात प्रेमसंबंध नाहीत आणि ब्राउन यांना आम्ही काढलेले नाही. ज्युरीने शहराविरुद्ध 65 लाख डॉलरचा निकाल दिला. शहर अपील करणार, असे महापौर सांगत होते. मग ऑक्टोबरमध्ये, तडजोडीच्या बोलणीत, वादीच्या वकिलांनी शहराच्या वकिलाच्या हाती एक लखोटा दिला. महापौर आणि त्या बाई यांनी महापालिकेच्याच पेजरवरून एकमेकांना पाठवलेले संदेश त्यात उद्धृत केलेले होते. शपथेवर सांगितलेले दोन्ही मुद्दे त्या संदेशांनी खोटे पाडले होते. अपिलाची भाषा त्याच दिवशी संपली. ब्राउन यांचा आणि आणखी एक, अशा दोन दाव्यांची मिळून 84 लाख डॉलरवर तडजोड ठरली आणि संदेश गुप्त ठेवण्याचा वेगळा करार झाला. काही दिवसांनी नगरपरिषदेने तडजोडीला मंजुरी दिली. लखोट्याबद्दल सभासदांना कोणी काही सांगितले नाही. लोकप्रतिनिधींच्या हातून लोकांचा पैसा काढून एका माणसाचे खोटे झाकले गेले. जानेवारी 2008 मध्ये ‘डेट्रॉइट फ्री प्रेस’ने ते संदेश छापले. सप्टेंबरमध्ये किलपॅट्रिकने गुन्हा कबूल केला आणि पद सोडले.

खटल्यांचा दुसरा फेरा अधिक जड होता. बॉबी फर्ग्युसन हा महापौराचा ठेकेदार मित्र. पाणी आणि सांडपाणी विभागाचे काम मिळवलेल्या कंपन्यांना त्याला हिस्सा द्यावा लागे. नाही म्हटले की काम अडे किंवा रद्द होई. आपल्याकडच्या कुठल्याही ठेकेदाराला ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही. सरकारी वकिलांनी दाखवून दिले की महापौराने त्या काळात पगारापेक्षा सुमारे 8 लाख 40 हजार डॉलर जास्त खर्च केले होते. 11 मार्च 2013 रोजी ज्युरीने त्याला 24 आरोपांत दोषी ठरवले आणि ऑक्टोबरमध्ये 28 वर्षांची शिक्षा झाली.

आमच्या वक्त्यांची गोष्ट इथे संपते. माझी इथे सुरू होते.

जुलै 2013 मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा कर्ज आणि देणी मिळून आकडा सुमारे 1,800 कोटी डॉलरचा सांगितला गेला. किलपॅट्रिकच्या खिशात गेलेले पैसे आणि फर्ग्युसनची कंत्राटे यांतून तो आकडा भरत नाही, कितीही ताणले तरी. 1950 मध्ये शहरात साडेअठरा लाख माणसे होती, 2010 मध्ये सात लाखांहून थोडी अधिक उरली. रस्ते, गटारे, दिवे मात्र साडेअठरा लाखांच्या मापाचे. राज्य सरकारने महसुलातला वाटा कमी केला, मोटारउद्योग कोसळला. आणि 2005 मध्ये शहराने निवृत्तिवेतन निधीत घालण्यासाठी 144 कोटी डॉलर उभे केले. कर्जाची कायदेशीर मर्यादा ओलांडू नये म्हणून मध्ये दोन संस्था आणि एक न्यास उभा केला, प्रमाणपत्रे विकली आणि व्याजदरावर बँकांशी अदलाबदलीचे करार केले. व्याजदर वाढतील तर शहराचा फायदा, घसरतील तर तोटा. 2008 नंतर दर घसरले. शहराची पत घसरली तसे कॅसिनोच्या कराचे उत्पन्नही बँकांकडे तारण ठेवावे लागले. ज्या वर्षी हा व्यवहार झाला त्या वर्षी रोखे बाजाराच्या वृत्तपत्राने त्याला पुरस्कार दिला होता. या व्यवहारासाठी कोणी 28 वर्षे तुरुंगात गेले नाही.

लिंकन स्टेफन्स इथे आठवतो, आणि त्याच्यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण शहरातल्या भ्रष्टाचारावर त्याच्याइतके मला कोणी शिकवलेले नाही. 1902 पासून त्याने ‘मॅक्ल्युअर्स’ मासिकात अमेरिकन शहरांवर लेख लिहिले आणि 1904 मध्ये ते पुस्तकरूपाने आले. मिनिॲपोलिसचा महापौर ॲमेस हा डॉक्टर. गरिबांना फुकट तपासायचा, म्हणून लोक त्याला पुन्हा पुन्हा निवडून देत. 1901 मध्ये चौथ्यांदा पद मिळाल्यावर त्याने सख्ख्या भावाला पोलीसप्रमुख केले, आणि पोलीसच जुगाराच्या अड्ड्यांकडून वसुली करू लागले, चोरांशी भागीदारी करू लागले. पत्त्यांच्या फसव्या डावांत माणसे लुबाडणाऱ्या टोळीने कुणाला किती हप्ता दिला याची वही ठेवली होती. त्या वहीची पाने स्टेफन्सने मासिकात जशीच्या तशी छापली. नाव, रक्कम, तारीख. एखाद्या वाण्याच्या दुकानातल्या खतावणीसारखी नेटकी.

वाचकांना ॲमेसची कथा हवी होती आणि ती त्यांना मिळाली. स्टेफन्सला सांगायचे होते ते वेगळेच. शहर बुडते ते गुंडांमुळे, हा समज त्याने शहरोशहरी फिरून मोडीत काढला. लाच मागणारा पुढारी सगळ्यांना दिसतो, पण रेल्वेचा हक्क, वायूचा हक्क, रस्ता खणण्याचा हक्क विकत घेणारा प्रतिष्ठित उद्योजक कुणाला दिसत नाही. सरकार धंद्यासारखे चालवा, असे सांगणारा सज्जन नागरिक त्याला सर्वांत घातक वाटे, कारण सरकार धंद्यासारखे चालत होते म्हणूनच ते विकत मिळत होते. फिलाडेल्फियाचे उदाहरण तर आपल्याकडच्या प्रत्येक सुधारकाने वाचावे. तिथे सुधारकांनी भांडून नवी सनद आणली, अधिकार महापौराच्या हाती एकवटले, म्हणजे जबाबदारी निश्चित होईल अशी आशा. पुढे ॲशब्रिज नावाचा महापौर आला आणि एकवटलेली सत्ता टोळीला आयतीच सापडली.

फिलाडेल्फियाच्या त्या आशेची डेट्रॉइटमध्ये शंभर वर्षांनी पुनरावृत्ती झाली आणि आमच्या वक्त्यांनी नेमके तेच सांगितले नाही. पाणी विभाग प्रदूषणाच्या खटल्यामुळे 1977 पासून संघीय न्यायालयाच्या देखरेखीखाली होता. काम लवकर व्हावे, परिषदेच्या वादावादीत अडकू नये, म्हणून न्यायाधीशांनी महापौराला विशेष प्रशासक नेमण्याची पद्धत पाडली होती. किलपॅट्रिक 2002 पासून जवळपास चार वर्षे तो विशेष प्रशासक होता. त्या नात्याने परिषदेची मंजुरी न घेता कंत्राटे देण्याचा अधिकार त्याला मिळाला. ऑगस्ट 2004 मध्ये उत्तरेकडच्या स्टर्लिंग हाइट्स उपनगरात 15 माइल रोडखालची मोठी सांडपाणी वाहिनी कोसळली. तातडीचे काम, कोट्यवधी डॉलरचे, आणि फर्ग्युसन तिथेही होता. म्हणजे ज्या विभागात सर्वाधिक लूट झाली, त्याच विभागात लोकप्रतिनिधींना बाजूला ठेवले होते, तेही स्वच्छ हेतूने आणि न्यायालयाच्या आदेशाने.

याला एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे: परिषद तरी कुठे स्वच्छ होती? गाळाच्या विल्हेवाटीचे शंभर कोटी डॉलरहून मोठे कंत्राट तिने 5 विरुद्ध 4 मतांनी मंजूर केले, आणि बाजूने मत देणाऱ्या मोनिका कॉनयर्स यांनी लाच घेतल्याचे 2009 मध्ये कबूल केले. नगरसेवक विकले जातात हे मला मान्य आहे. पण ते मत सभागृहात, नावानिशी पडले होते, चार सभासद विरोधात उभे राहिले होते आणि कंत्राट पुढे रद्द झाले. विशेष प्रशासकाच्या सहीला विरोधात मत देणारे कोणी नसते.

इथेच थांबलो तर किलपॅट्रिक फार स्वस्तात सुटतो. कर्ज जुने, करार कायदेशीर, बँका लोभी, मग हा बिचारा एवढा दोषी कसा, असा निष्कर्ष माझ्याच मांडणीतून निघू पाहतो. तो मी नाकारतो. त्याच्याच काळातला खजिनदार, निवृत्तिवेतन निधीचा विश्वस्त, पुढे लाच घेतल्याबद्दल दोषी ठरला. ज्या कामगारांच्या नावाने 144 कोटी उभे केले त्यांच्या निधीवर असा माणूस बसवला गेला होता. पण पैशाहून मोठी गोष्ट किलपॅट्रिकने नेली. नोव्हेंबर 2012 मध्ये मिशिगनच्या मतदारांनी आपत्कालीन व्यवस्थापकाचा कायदा सार्वमताने रद्द केला होता. डिसेंबरमध्ये विधिमंडळाने तसाच नवा कायदा केला, आणि त्यात खर्चाची तरतूद घातली म्हणजे त्यावर सार्वमत घेता येऊ नये. ही उघड दांडगाई होती. तिच्याविरुद्ध डेट्रॉइटने आवाज उठवला तेव्हा समोरून एकच नाव फेकले जाई. 11 मार्च 2013 च्या सोमवारी किलपॅट्रिक दोषी ठरला; गुरुवारी, 14 मार्चला, राज्यपालांनी केव्हिन ऑर यांची शहरावर व्यवस्थापक म्हणून नेमणूक केली. निवडून आलेल्यांचे अधिकार गेले. बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या, मतदानाच्या हक्काची किंमत जाणणाऱ्या शहरात हे घडले, आणि आपल्या सत्तेची बाजू मांडायला लोकांकडे नैतिक बळ उरले नव्हते. ते त्याने खर्च केले होते. या अर्थाने आमचे वक्ते म्हणतात त्यापेक्षाही तो मोठा चोर आहे.

स्टेफन्सचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. निवडणुका आणि लाचलुचपत यांचे चक्र पाहून तो थकला, आणि या थकव्यातून त्याला रशियाची क्रांती आणि नंतर मुसोलिनीही आकर्षक वाटू लागले. टेबलाखालचे हात ओळखणारा हा माणूस टेबलच नसलेल्या राज्यांवर भाळला. आमच्या सुशिक्षितांची प्रशासकाविषयीची ओढ त्याच जातीची आहे. तिचे मूळ खऱ्या संतापात आहे म्हणूनच ती धोक्याची.

नेमलेल्या माणसांनी काय केले? डेट्रॉइट 2014 च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीतून बाहेर आले, हे खरे. सामान्य निवृत्त कर्मचाऱ्यांचे वेतन 4.5 टक्क्यांनी कापले गेले आणि महागाईवाढ गेली, हेही खरे. जवळच्या फ्लिंट शहरातही राज्याने नेमलेला व्यवस्थापक होता. त्या राजवटीत, एप्रिल 2014 मध्ये, खर्च वाचवण्यासाठी शहराचे पाणी नदीवर जोडले गेले, आणि जुन्या नळांतून शिसे मुलांच्या पोटात गेले. लोक पिवळ्या पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना येत राहिले. ज्यांना त्यांच्या मताची गरज नव्हती त्यांनी ते पाणी चांगले असल्याचे सांगितले.

आता आपल्याकडे या. आपला महापौर किलपॅट्रिक होऊच शकत नाही, कारण त्याच्याकडे अधिकार नाहीत. 1888 च्या मुंबईच्या कायद्यापासून कारभाराची सत्ता आयुक्ताकडे आहे. 1998 मध्ये मुंबईत महापौर परिषदेचा प्रयोग झाला आणि लवकरच गुंडाळला गेला. मानाची खुर्ची, मोटार, उद्घाटने महापौराला, फाइल आयुक्ताला, आणि निविदांची मंजुरी, म्हणून टक्केवारीही, स्थायी समितीला. प्रशासकाच्या काळात तर स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभा यांचेही अधिकार त्याच एका टेबलावर आले. मुंबईत सुमारे 6,000 कोटी रुपयांच्या रस्ते काँक्रिटीकरणाची कंत्राटे दिली गेली तेव्हा सभागृहात उठून प्रश्न विचारणारा एकही नगरसेवक नव्हता. कोणी पैसे खाल्ले असे मी म्हणत नाही. विचारायला जागाच नव्हती, असे म्हणतो. ज्यांनी तिथे बसून वर्षानुवर्षे टक्केवारी घेतली, त्यांच्यामुळेच ती जागा रिकामी झाल्याचे कुणाला वाईट वाटले नाही. त्यांचा हा अपराध मी किलपॅट्रिकच्या अपराधाइतकाच मोठा मानतो.

किलपॅट्रिक जानेवारी 2021 मध्ये सुटला; राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी पद सोडण्याच्या दिवशी त्याची उरलेली शिक्षा माफ केली. निवृत्तांचे कापलेले वेतन कोणी माफीने परत केले नाही.

महाराष्ट्राच्या कायद्यात 2009 पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे, मतदारांनी वॉर्डातल्या वॉर्डात बसून कामांचा जाब विचारण्याची. बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली, आणि आपण ती मागितलीही नाही. नगरसेवक आता निवडून आले आहेत. आपल्या नगरसेवकाला पत्र लिहा: आमची क्षेत्रसभा कधी भरणार, आणि प्रभागातल्या कामांच्या निविदा व बिले आम्हाला कुठे पाहायला मिळतील? उत्तर आले नाही तर दुसरे पत्र आयुक्तांना लिहा आणि त्याची प्रत महापौरांना पाठवा.